दोन छापील संदर्भ

आई पहिल्या शिफ्टला असली की आमच्या घरात कुकर लागत नसे. सांगवीतल्या त्या दोन खोल्यांची एक भिंत पलीकडच्या बिऱ्हाडाशी सामाईक होती, आणि पहाटे शिट्टी झाली की तिकडच्या आजी दिवसभर टोमणे मारायच्या. म्हणून पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात भाकरी आणि लसणाचं तिखट, दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात वरण-भात, असा आमचा स्वयंपाक कंपनीच्या वेळापत्रकावर चालायचा. मी अंथरुणात पडून ऐकत राहायचे. परातीत पाण्याचा हबका, भाकरी थापल्याचा एकसारखा मऊ आवाज, डब्याचं झाकण, मग पप्पांच्या गाडीची किल्ली. पप्पा भाड्याची कॅब चालवायचे. वाकडच्या उंच सोसायट्यांमधली माणसं विमानतळावर सोडायची हे त्यांचं काम, आणि निघताना ते आईला नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसपाशी उतरवायचे. आईची कंपनी चाकणजवळच्या महाळुंग्याला होती. मोटारीच्या पोटात मैलभर वायरी असतात, त्यांची जुडगी बांधायची, टोकं एका प्लास्टिकच्या ठोकळ्यातल्या भोकांत बसवायची, वर टेप गुंडाळायची. त्या जुडग्याला हार्नेस म्हणतात, आणि तो बांधणाऱ्या लाइनवर सगळ्या बायकाच असायच्या. रविवारी विहारातून आलो की आई खोबरेल तेल घेऊन बसायची आणि बोटांवरचा टेपचा चिकटा काढायची. तो कधी पुरता निघाला नाही. तिच्या हातची भाकरी खाताना मला त्याचा वास यायचा, आणि मी तसं कधी बोलले नाही.

मी एकूणच फारसं बोलत नसे. आरटीईच्या जागेवर मला वाकडच्या एका इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला होता. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे गप्प. शाळेत कोणी विचारलं, मम्मी काय करते, तर मी 'ऑटोमोबाइल इंडस्ट्रीत आहे' असं सांगायचे. ते खोटं नव्हतं. माझ्या त्या इंग्रजीचा उपयोग गल्लीला मात्र भरपूर झाला. गॅसचा फॉर्म, बँकेचा फॉर्म, कोणाच्या पोराच्या दाखल्याचा अर्ज, जे इंग्रजीत असेल ते माझ्याकडे यायचं. पाचवी-सहावीपासून मी असे किती कागद भरले असतील, त्याची आठवणही मला उरलेली नव्हती. एक आठवण राहायला हवी होती. तीही राहिली नाही, आणि या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

आता आईच्या पुस्तकाबद्दल सांगते. आमच्या घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. त्या ठोकळ्यात चोवीस भोकं असतात आणि बऱ्याच वायरी जवळपास एकाच रंगाच्या. नव्याने आलेली बाई तपकिरीच्या जागी लाल बसवायची, ते शेवटच्या तपासणीला कळायचं, मग सगळं उसवा, पुन्हा बांधा, आणि वरून बोलणी खा. भिंतीवर इंग्रजी तक्ता होता, तो कोणालाच वाचता येत नव्हता. आईने आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण घरी कातरून त्याची ठोकळ्याएवढी चार पानं केली. पहिल्या पानाला सहाच भोकं, वायरी न ओढता पान उचलता यावं म्हणून कडेपर्यंत चिरलेली, आणि प्रत्येकापाशी त्या वायरीचा रंग. ते ठोकळ्यावर ठेवलं की उरलेली अठरा झाकली जातात, म्हणजे चूक करायला जागाच राहत नाही. सहा वायरी झाल्या की पान उलटायचं, पुढची सहा उघडतात. चारही पानं तिने एका कडीत ओवली होती. लाइनवरच्या बायका त्याला पुस्तक म्हणायला लागल्या. पुढे कंपनीने तेच पुस्तक अॅक्रिलिकचं, पितळी बिजागरीचं करून घेतलं आणि प्रत्येक टेबलावर बसवलं. सातवीत शाळा सुटलेल्या बाईने हे केलं, याचं पप्पांना इतकं कौतुक की ते कॅबमधल्या अनोळखी माणसांनाही सांगायचे.

मी अकरावीत असताना शाळेत एका स्पर्धेचं पत्रक आलं. विज्ञान-तंत्रज्ञानात मोठं काम केलेल्या, पण जगाने दखल न घेतलेल्या माणसावर विद्यार्थ्यांनी तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. वर्गाने त्याच दिवशी इंटरनेटवरून यादी काढली आणि सगळ्या गटांना मिळून तीन नावं सापडली. पाच गट, तीन नावं. फिजिक्सच्या मॅडम एकेकाला विचारत माझ्यापर्यंत आल्या, आणि का कोण जाणे, त्या दिवशी मी खरं बोलले. म्हटलं, माझी आई. कोणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. मॅडम फार मायेने म्हणाल्या की आई तर सगळ्यांचीच थोर असते, पण इथे प्रत्यक्ष काही शोध लावलेलं माणूस हवं आहे. मी खाली बसले. शेजारी बसणारी अन्विता, वाकडच्या चौदाव्या मजल्यावर राहणारी आणि वर्गात सगळ्यांत कमी गोड बोलणारी मुलगी, मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि तुझ्या आईने काय केलंय ते नीट सांग म्हणाली. मी वहीच्या पानावर चोवीस भोकं काढून दाखवली. तिने बराच वेळ ते पान पाहिलं आणि व्हिडिओ आपण दोघी करू, कापाकापी माझ्या लॅपटॉपवर होईल, असं परस्पर ठरवून टाकलं.

आम्ही नाव नोंदवलं, थोडक्यात माहिती पाठवली. आठवड्याने उत्तर आलं. कल्पना आवडली, परंतु नियमाप्रमाणे त्या व्यक्तीच्या कामगिरीबद्दल किमान दोन छापील किंवा संस्थेचे संदर्भ जोडणं आवश्यक आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ज्याची कोणी दखल घेतलेली नाही असं माणूस आणा, आणि कोणी कोणी दखल घेतली त्याचे दोन कागद आणा. हे लिहिणाऱ्याला हसू कसं आलं नाही? मॅडमना काही वावगं वाटलं नाही. नियम सगळ्यांना सारखाच असतो, त्या म्हणाल्या. आज मी हिंजवडीत जिथे काम करते तिथे आम्ही असेच ऑनलाइन अर्ज तयार करतो. कोणी एखाद्या नंबराच्या रकान्यापुढे लाल चांदणी लावून तो सक्तीचा केला की मी विचारते, हा नंबर कोणाकडे नसेल? लोक वैतागतात. वैतागू देत.

आईला मी विचारलं, कंपनीत याचा काही कागद असेल का. ती भाजी निवडत होती. बोर्डावर लागलंय की, म्हणाली. त्यावर तुझं नाव आहे ना, असं विचारल्यावर तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि नळाला पाणी आलंय का बघ म्हणाली. मी तो तिचा भिडस्तपणा समजले.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. मी मुद्दाम त्या दिवसाची वाट पाहिली. गेटवर आमच्या फोनच्या कॅमेऱ्यांवर लाल स्टिकर चिकटवले. आत सगळं धुऊन-पुसून लख्ख, प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, हळद-कुंकवाची बोटं, टेस्टिंगच्या टेबलावर नारळ. आईच्या टेबलावरच्या पुस्तकालाही कोणीतरी एक फूल खोचलं होतं. बायका नव्या साड्यांत होत्या, एकमेकींच्या मुलांना पेढे भरवत होत्या. एकीने माझी हनुवटी धरून सगळ्यांना सांगितलं की ही शोभाची इंग्लिशवाली, आणि आता आमची शोभा टीव्हीवर येणार. आईने तिला चिमटा काढला.

बोर्ड कँटीनच्या वाटेवर होता. सुधारणा सुचवणाऱ्या कामगारांसाठी तिथे एक ठरलेली पद्धत आहे. एका कागदावर आधीचं चित्र, नंतरचं चित्र, काय फायदा झाला ते इंग्रजीत, आणि खाली कल्पना कोणाची त्याचं नाव. त्याला कायझेन शीट म्हणतात. दर वर्षीची सगळ्यांत चांगली शीट काचेत लावतात, आणि ती पुढेही तिथेच राहते. पुस्तकाची शीट त्या काचेत होती. वर आईच्या लाइनचे सुपरवायझर काळोखे सर अॅक्रिलिकचं पुस्तक हातात धरून उभे असलेला फोटो, आणि खाली नावाच्या रकान्यात त्यांचंच नाव. मी वळून आईला काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात माझी नजर अक्षरावर गेली. गोल, जोडलेलं, प्रत्येक जी-ची शेपटी डावीकडे जास्तच लांब ओढलेली. सहावीत आमच्या वर्गात सगळ्या मुली तशी शेपटी काढायच्या. सगळी शीट माझ्या हातची होती. फायदे माझ्या इंग्रजीत होते. काळोखे सरांचं नाव मी लिहिलं होतं, आणि त्याखाली पट्टीने रेघही मारली होती.

"तूच लिहिलंयस," आई हळूच म्हणाली. "म्हणून म्हणलं जाऊ दे."

मग मला थोडं थोडं आठवलं. उन्हाळ्याची सुट्टी, पंख्याखाली फरशीवर पालथी पडलेली मी, आई सांगतेय आणि मी लिहितेय. नाव काय घालू असं मी विचारलं असणार. तिने सरांचं सांगितलं असणार. आणि मी स्पेलिंगची काळजी करत ते लिहिलं असणार.

काळोखे सर महाळुंग्याचेच. घरची जमीन कारखान्यांत गेलेली, डिप्लोमा करून त्याच जागेवर सुपरवायझर झालेले. वाईट माणूस नव्हते, हे मला आजही राग येत असताना लिहावं लागतं. बायकांना मधली सुट्टी पुरती मिळावी म्हणून ते वरच्यांशी भांडायचे. मी त्यांना गाठलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसाला तोंडावर विचारलं की त्या रकान्यात माझ्या आईचं नाव का नाही. त्यांना अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही. पेढा खात खात त्यांनी मला समजावलं.

"बाळा, त्या खान्यात एम्प्लॉयी नंबर घालावा लागतो. शोभाताई कॉन्ट्रॅक्टवर, त्यांना नंबरच न्हाई. नंबर न्हाई म्हंजी शीट माघारी. मंग पुस्तक लायनीला लागलं असतं व्हय?"

स्पर्धेला दोन कागद लागतात असं सांगून मी एक पत्र मागितलं. कल्पना मूळ आईची होती, एवढ्या एका ओळीचं. ते त्यांच्या हातात नव्हतं, एचआरच्या हातात होतं, आणि एचआरकडे गेलं तर उलट चौकशी व्हायची. मग त्यांना एकदम सुचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "असं करा ना, मी बोलतो तुमच्या व्हिडिओत. सर्टिफिकेट हाय, कंपनीच्या मासिकात फोटो बी आलाय. दोन कागद पायजेत ना? झाले की दोन." ते चेष्टा करत नव्हते. आम्हाला मदत करत होते.

परतीच्या बसमध्ये मी आईशी बोलले नाही. घरी आल्यावर भडाभडा बोलले. तू मला का लिहायला लावलंस, पप्पांना का नाही सांगितलंस, आम्ही एवढी वर्षं ती गोष्ट सांगत फिरलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुझं अक्षर चांगलं म्हणून. पुढचं तिने शांतपणे सांगितलं. तुम्हाला बक्षीस मिळत असेल तर सरांना घ्या व्हिडिओत, माझं काही जात नाही. पण माझं नाव घेऊ नका. कंत्राटदाराच्या कानावर गेलं तर गेटवर कार्ड लागणार नाही, म्हणजे काम गेलं.

मॅडमना काळोखे सर पसंत पडले. औद्योगिक पट्ट्यातला साधा सुपरवायझर, त्याचीही कुठे दखल घेतली गेली होती, असं त्यांचं म्हणणं, आणि कागद तर दोन्ही तयार. मी नाही म्हटलं. तो शब्द मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला, आणि मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. त्यांनी फक्त चष्मा काढला. अन्विताने मधला मार्ग काढला. नाव नको, चेहरा नको, नुसते हात घेऊ. आईने थर्माकोलच्या तुकड्याला चोवीस भोकं पाडली, लोकरीच्या धाग्यांच्या वायरी केल्या, झाकणाची चार पानं पुन्हा कातरली आणि पान उलटत उलटत काम दाखवलं. अन्विताने खिडकीच्या उजेडात ते हात असे टिपले की मला माझ्या आईचे हात नव्याने दिसले. मी इंग्रजीत मागून बोलले. 'चाकण पट्ट्यातल्या एका महिला कामगाराने' अशी माझी सुरुवात होती. आम्हाला दोघींना ते फार भारदस्त वाटलं.

रविवारी अन्विता लॅपटॉप घेऊन घरी आली. आई नुकतीच विहारातून आली होती, पांढऱ्या साडीतच होती. तिने अन्विताला आधी भाकरी आणि वांग्याचं भरीत खायला लावलं, तिखट सोसत नाही म्हणून दही वाढलं, मग हात पुसून आमच्यात येऊन बसली. तीन मिनिटं झाली. पप्पांनी टाळ्या वाजवल्या. आई पडद्याकडेच बघत होती. पुन्हा लाव म्हणाली. आम्ही पुन्हा लावला. मी इंग्रजीत काय बोलले ते तिने मला मराठीत सांगायला लावलं. मी सांगितलं.

"ही एक महिला कामगार कोण?"

काकू, तुम्हीच, अन्विता म्हणाली.

"मग मीच मला दिसंना की." तिचा आवाज चढला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. "तो कागद कंपनीचा होता. त्यांच्यात नंबर लागतोय. हे तर तू करायलीस. इथं बी नाही?"

मी तिला कार्डाची आठवण करून दिली, तिचंच म्हणणं तिला ऐकवलं. पप्पाही म्हणाले, शोभा, विचार कर. तिने पदर नीट केला.

"कार्ड तसंबी दर सात महिन्यांनी बंदच होतंय. काय वेगळं करणार हायेत? नाव घाल. पुरं घाल."

ती भिंतीपाशी उभी राहिली. अन्विताने फोन धरला. आईने स्वतःचं नाव सांगितलं, शिक्षण सातवी सांगितलं, आणि ते पुस्तक मी काढलंय असं एकदा सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली. एकाच खेपेत झालं, दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. आम्ही तेच सुरुवातीला लावलं. संदर्भाच्या रकान्यात मी लिहिलं की कंपनीतली शीट माझ्या हस्ताक्षरात आहे, ती कोणी सांगितली हे मला माहीत आहे, आणि माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही.

स्पर्धेने तो व्हिडिओ पहिल्याच फेरीत बाजूला काढला. कामगिरीची खातरजमा होऊ शकत नाही, असं एका ओळीत कळवलं. पहिलं बक्षीस ज्या व्हिडिओला मिळालं त्यातल्या शास्त्रज्ञांच्या नावाने टपाल तिकीट निघालेलं आहे आणि रस्ताही आहे. शाळेत तो सगळ्यांना दाखवला. मॅडम माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, सहभाग महत्त्वाचा. मी हात झटकला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आम्ही आमचा व्हिडिओ आपणच नेटवर टाकला. लाइनवरच्या बायकांनी तो बसमध्ये एकमेकींना दाखवला. काळोखे सरांनीही पाहिला असावा, कारण त्यानंतर ते आईला शोभाताई म्हणेनासे झाले, नुसतं 'ओ' म्हणू लागले.

सात महिने भरले, कार्ड बंद झालं. कायम करावं लागू नये म्हणून कंत्राटदार कामगारांना असंच मध्ये काढतात आणि थोड्या दिवसांनी नव्या कार्डावर पुन्हा बोलावतात. या खेपेला बाकीच्या बायकांना बोलावणं आलं, आईला आलं नाही. व्हिडिओमुळेच, असं कोणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नसते. ती काही दिवस घरी बसली, भांडी लख्ख घासत राहिली, मग चाकणमधल्या दुसऱ्या एका हार्नेसच्या कंपनीत लागली.

पहिल्या दिवशी नव्या बायकांचं ट्रेनिंग होतं. संध्याकाळी चहा घेताना आईने आम्हाला सांगितलं. शिकवायला माझ्याच वयाच्या आसपासची एक मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. तिने टेबलावर अॅक्रिलिकचं पुस्तक ठेवलं आणि अर्धा तास समजावलं की हे पान पहिलं, मग हे उलटायचं, घाई करायची नाही. पुस्तक त्या कंपनीतही पोचलं होतं. मी रागाने उभीच राहिले. तू तिला सांगितलं नाहीस का, मी विचारलं.

"सांगितलं की," आई म्हणाली. "हसली. म्हणली, मावशी, लक्ष द्या इकडं, तुमचं चुकेल."